पुढे ढकललेली संक्रांत

दुसऱ्यांच्या सुट्ट्या आखून देणं हा माझा धंदा आणि सुट्टीवर निघालेल्या माणसावर जळणं हा त्यातलाच जोडधंदा. पहिला मी पोटासाठी केला, दुसरा हौसेने. दिवाळी अंकवाल्यांनी माझ्याकडे ‘आपल्या क्षेत्रातले प्रेरक अनुभव’ मागितले आहेत. प्रेरक म्हणावं असं माझ्यापाशी फारसं नाही. हेवा मात्र भरपूर आहे आणि तो चांगला मुरलेला आहे, तेव्हा तोच देते.

आधी काम काय ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते अजून नीट कळलेलं नाही. तो लोकांना सांगतो, ‘ताई व्हिडिओचं काहीतरी करते.’ हल्ली घरोघरी माणसं व्हिडिओ करतात. कुणी पाककृती दाखवतं, कुणी फिरतं, इंदूरजवळच्या बेटम्याचे एक शेतकरी तर नुसते ट्रॅक्टरबद्दल बोलतात आणि लाखो लोक ऐकतात. या सगळ्यांना एक भीती असते. दोन आठवडे नवीन व्हिडिओ आला नाही, तर बघणारे दुसऱ्याच्या दारात जातात आणि परत येतातच असं नाही. त्यामुळे ही माणसं आजारपणात, लग्नकार्यात, बाळंतपणातसुद्धा थांबत नाहीत. मग थकतात, चिडतात, कॅमेऱ्यासमोर हसता हसता रडायला लागतात आणि मग कुणीतरी त्यांना माझा नंबर देतं.

मी त्यांचा साठा करून देते. उन्हाळ्यात आपण पापड, कुरडया करून ठेवतो, तसंच हे. महिनाभराचे व्हिडिओ आधीच घ्यायचे, कापून-जोडून तयार करायचे आणि प्रत्येकावर तारीख-वेळ लावून ठेवायची. तारीख आली की व्हिडिओ आपला आपण बाहेर पडतो. बघणाऱ्याला वाटतं ताई आत्ता कढईपाशी उभ्या आहेत. ताई असतात महाबळेश्वरला. खाली लोक विचारतात, ‘ताई, गूळ कोणता घ्यावा?’ आणि ताईंच्या नावाने उत्तर देते मी, इंदुरात, लालबागपाशी भाड्याच्या दोन खोल्यांत बसून. ताईंना हजार लोक ‘किती गोड आहात’ म्हणून लिहितात. ते वाचून त्यांच्या वतीने ‘धन्यवाद’ म्हणणारीच्या मनात काय येत असेल, ते तुम्हीच समजा.

पूर्वी मी इथल्या एका केबल चॅनेलात होते. लालबागच्या मैदानावर मेळा लागला की त्याचं चित्रण कधी दाखवायचं, मध्ये जाहिरात कुठे घालायची, हे ठरवणं माझ्याकडे असायचं. ते चॅनेल बंद पडलं. माणसं फोनवर स्वतःच व्हिडिओ करायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की या मंडळींना सगळं येतं, फक्त थांबता येत नाही. तिथून हे काम सुरू झालं.

मला ते का जमलं, याचं कारण मात्र केबलमध्ये नाही, महूला आहे. माझे आजोबा फौजेत होते, बाबाही फौजेत. आम्ही महूला, बाबा कुठेतरी सरहद्दीकडे. आमच्या घरी दिनदर्शिका भिंतीवर होती ती शोभेला. खरं वर्ष चालायचं बाबांच्या रजेवर. आम्हा भावंडांचे वाढदिवस कधीही असोत, बाबा आले की एकाच दिवशी सगळ्यांचे उरकायचे, तेही कधी आधी, कधी नंतर. चौदा एप्रिलच्या जयंतीला सगळं महू माणसांनी फुलून जायचं, गावोगावचे लोक यायचे, पण आमचे बाबा त्यात नसायचे. मग ते जूनमध्ये येवोत नाहीतर सप्टेंबरमध्ये, आई पुन्हा पांढरी साडी नेसायची, पुन्हा खीर करायची आणि आम्हाला सांगायची, ‘आज जयंती.’ आम्ही बाहेर जाऊन मैत्रिणींना हे सांगितलं की त्या हसायच्या. आई म्हणायची, ‘हसू देत. माणूस घरात असेल तो दिवस खरा.’

कधी पत्र यायचं, ‘रजा पुढे गेली.’ मी भोकाड पसरायचे. आई डब्यातला रवा, सुकामेवा पुन्हा फडताळात ठेवायची आणि म्हणायची, ‘रडतेस कशाला? पुढे गेली म्हणजे यायची आहे.’

तर सण आधी किंवा नंतर करायचा, आणि तो खरा आहे असं मनापासून मानायचं, हे शिक्षण मला फुकट मिळालं. पुढे त्याच्यावर मी जगले.

सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत एक निखिल होता. जातिवंत इंदुरी मुलगा, खाण्याचे व्हिडिओ करायचा. पोहे, कचोरी, गराडू, भुट्ट्याचा कीस, जे दिसेल ते खायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, ‘भिया, जन्नत!’ त्याला मित्रांबरोबर गोव्याला जायचं होतं. आम्ही घाईघाईने साठा केला. निघताना मला म्हणाला, ‘शोभा मॅडम, आता तुमच्या भरोसे. मी तर फोन समुंदरात फेकून देणार आहे.’ माझ्या पोटात तेव्हाच दुखायला लागलं होतं. मी तोवर गोवा पाहिला नव्हता. अजूनही पाहिलेला नाही.

ठरल्या दिवशी सकाळी त्याचा पोह्यांचा व्हिडिओ बाहेर पडला. निखिल त्यात जीव तोडून सांगत होता, ‘भिया लोक, आत्ताच्या आत्ता इथे या, गरम गरम निघताहेत.’ लोक गेले. तिथे दुकान नव्हतं. रस्ता रुंद करण्यासाठी मधल्या काळात ती सगळी ओळ हलवली होती आणि दुकानाच्या जागी भला मोठा खड्डा होता. लोकांनी खड्ड्याचे फोटो काढून खाली टाकले. एकाने विचारलं, ‘भिया, पोहे वर यायला किती वेळ आहे?’ निखिलच्या नावाने सगळ्यांची माफी मागत मी दिवसभर बसले आणि निखिल वाळूत झोपला होता. मला खड्ड्याचा राग आला नाही, वाळूचा आला.

त्या दिवसापासून माझा नियम झाला. साठ्यातल्या व्हिडिओत ‘आज’ म्हणायचं नाही, ‘आत्ता’ म्हणायचं नाही, हवेबद्दल बोलायचं नाही आणि आपण कुठे आहोत, कुठे जाणार आहोत याचा चकार शब्द काढायचा नाही. बघणाऱ्याला सुट्टीचा वास येता कामा नये. हा नियम मी सगळ्यांकडून पाळून घेतला. मोडला तो फक्त एका बाईने, आणि तिच्याचबद्दल मला लिहायचं आहे.

मल्हारगंजात माधुरीचं घर आहे. खाली तिच्या नवऱ्याचं भांड्यांचं दुकान, वर राहतं घर. माधुरी सणासुदीचे मराठी पदार्थ दाखवते आणि तिच्याबरोबर तिच्या सासूबाई, आक्का, असायच्या. म्हणजे पदार्थ करायची माधुरी आणि चुका काढायच्या आक्का. ‘अगं, तो गूळ आहे, दगड नाही, किती ठोकशील?’ असं त्या कॅमेऱ्यासमोरच बोलायच्या. लोक खरं म्हणजे त्यासाठीच यायचे. इंदूरचे, ग्वाल्हेरचे, पार अमेरिकेतले मराठी लोक लिहायचे, ‘आक्कांना नमस्कार सांगा.’

माधुरीने मला बोलावलं ते स्वतःसाठी नाही. तिने दार लोटून घेतलं आणि हळूच सांगितलं, ‘शोभाताई, मला आक्कांना एक संक्रांत द्यायची आहे.’

गोष्ट अशी होती. आक्कांचं माहेर बडोद्याचं. तिथे संक्रांतीला सगळं गाव गच्चीवर असतं, पतंग उडवतं. आक्का आणि त्यांची धाकटी बहीण कुमुदमावशी लहानपणी एकमेकींशिवाय पतंग उडवायच्या नाहीत. मावशी पतंग उडवायची, आक्का फिरकी धरायच्या. लग्न होऊन आक्का इंदूरला आल्या आणि त्यानंतर त्यांच्या वाट्याला बडोद्याची संक्रांत आलीच नाही. आधी सासरचं हळदीकुंकू, मग मुलांच्या शाळा, मग सासऱ्यांचं आजारपण. सगळं आटपलं तोवर सुनेचं चॅनेल उभं राहिलं, आणि सणांच्या पदार्थांचं चॅनेल म्हटल्यावर संक्रांतीला घर कसं सोडणार? आता कुमुदमावशीच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. ती इकडे येऊ शकत नव्हती. माधुरीला जानेवारीचा अख्खा महिना सासूला घेऊन बडोद्याला राहायचं होतं.

मी म्हटलं, ‘होईल.’ तोंडाने होईल म्हटलं आणि मनात आलं, सासूच्या पतंगासाठी महिनाभर घरदार सोडणारी सून कुणाच्या नशिबात असते? माझी आई महूला भावाकडे, इथून तासाभराच्या वाटेवर. सगळ्यांच्या सुट्ट्या म्हणजे माझा हंगाम, त्यामुळे सणावारी मी तिच्याकडे कधी पोहोचायचेच नाही.

आम्ही दिवाळी झाल्यावर लगेच शूटिंगला लागलो. फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते. मल्हारगंजच्या गल्लीत दिवसभर हॉर्न चालू असतात, म्हणून दुपारी, दुकानदार जेवून लवंडले की आम्ही कॅमेरा लावायचो. आवाज येतो म्हणून पंखा बंद. आक्का आणि माधुरी दोघी काळ्या साड्या नेसून उभ्या, कारण संक्रांत. थंडीचा पत्ता नाही. दोघींच्या कपाळावरून घाम ओघळतोय.

‘शोभा,’ आक्का म्हणाल्या, ‘संक्रांतीला घाम येतो का गं कुणाला?’

‘आक्का, तो कॅमेऱ्यात दिसत नाही.’

‘मला तर दिसतोय ना!’

सुगडात घालायला बोरं हवी होती. त्या दिवसांत बोरं कुठून येणार? मी बाजारात हिंडून हिरवे बारके टोमॅटो आणले. दुरून कळत नाही, हे मला ठाऊक होतं. आक्कांनी सुगडात हात घालून एक बाहेर काढला, हुंगला आणि माझ्यासमोर धरला.

‘हे काय?’

‘बोर समजायचं, आक्का.’

‘मी समजीन गं. देव समजेल का? तुम्ही लोक पागल आहात. सुगडात टोमॅटो! उद्या तुळशीला फ्लॉवर आणाल.’

माधुरी हसून हसून खाली बसली. आक्काही हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी स्वतःच्या पदराने माधुरीचं कपाळ टिपलं. कॅमेरा बंद होता. मी कॅमेऱ्यामागे उभी होते आणि माझ्याही कपाळावर घाम होता. तेवढ्यावरून मी माधुरीवर अशी जळले की मला पाणी प्यायला बाहेर जावं लागलं.

आक्का मला वाईट वागवत होत्या असं मुळीच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. क्षणभर थांबल्या. जुन्या मल्हारगंजात आयुष्य गेलेली माणसं त्या आडनावाला थांबतात, हे मला सवयीचं आहे. मग म्हणाल्या, ‘महूचे का? मग तुम्हाला तिखट चालत असेल,’ आणि ताटात वाढलेल्या भरल्या मिरचीवर आणखी एक वाढली. त्यानंतर रोज जेवायला त्यांच्याच शेजारी. आडनावाचा विषय पुन्हा निघाला नाही, मिरचीचा मात्र रोज निघाला.

संक्रांतीच्या व्हिडिओचा शेवट राहिला होता. नेहमीचं वाक्य होतं, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ आणि हात जोडायचे. माधुरी म्हणाली, हात जोडले. आक्कांनीही जोडले. आणि मग सरळ कॅमेऱ्यात बघून त्या बोलायला लागल्या.

‘ऐका. आज काही संक्रांत-बिंक्रांत नाही. अजून तुळशीचं लग्नसुद्धा व्हायचंय. ही शोभा आणि माझी सून मिळून तुम्हाला उल्लू बनवताहेत. ती बोरं नाहीत, टमाटर आहेत. खरी संक्रांत येईल ना, तेव्हा मी बडोद्याला असेन, कुमुदच्या गच्चीवर. मजेत असेन. तुम्ही लाडू खा, माझी वाट बघू नका.’

‘आक्का!’ मी ओरडले.

‘काय आक्का? इतकी लोकं प्रेमाने विचारतात, त्यांच्याशी खोटं कशाला बोलायचं? सही सांगते, मला ते जमणार नाही.’

पुन्हा घेऊ म्हटलं तर बसल्या पाटावर. ‘माझं झालं. फुरसत मिळाली की तूच काट.’

मी काटलं. घरी येऊन शेवटचा तेवढा तुकडा कापला आणि हात जोडलेल्या जागी व्हिडिओ संपवला. कापलेलं टाकून द्यायचं नसतं, ही आमच्या धंद्यातली शिस्त, म्हणून बाजूला ठेवून दिला. व्हिडिओवर चौदा जानेवारीची सकाळ लावली. बाकीचे व्हिडिओही ओळीने लावले. बडोद्याला निघाल्या त्या दिवशी आक्कांनी गाडीच्या खिडकीतून मला लाडवांचा डबा दिला आणि म्हणाल्या, ‘तू पण जा गं आईकडे. चॅनेल काय पळून जातंय?’ माधुरी म्हणाली, ‘आक्का, शोभाताई गेल्या तर आपण कशा जाणार?’ दोघी हसल्या. गाडी वळली. मी डबा घेऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर तो लाडू मला गोड लागला नाही.

मग रोज बडोद्याहून फोटो यायला लागले. गच्चीवर उन्हात दोघी बहिणी पाय पसरून बसलेल्या. दोघी शेंगा सोलताना. दोघी एकमेकींच्या केसांना तेल लावताना. एका फोटोत आक्कांनी नवी कोरी फिरकी छातीशी धरली होती, मांजा गुंडाळलेली, आणि खाली माधुरीने लिहिलं होतं, ‘तालीम चालू आहे.’ इकडे मी माधुरीच्या नावाने लोकांना गुळाच्या पाकाची गोळी कशी ओळखायची ते सांगत होते. फोटो बघून मी फोन उपडा ठेवायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलून बघायचे. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते मला त्या पौषात कळलं.

संक्रांत अगदी तोंडावर आली होती. दुपारी माधुरीचा फोन आला. मला वाटलं, काही बदल सुचला असेल. ती म्हणाली, ‘शोभाताई, आक्का उठत नाहीयेत.’

जेवण करून दोघी बहिणी गच्चीवरच्या खोलीत पडल्या होत्या. कुमुदमावशी बोलत होती, आक्का हुंकार देत होत्या. मावशी बोलतच राहिली, हुंकार कधी थांबला ते तिलाही कळलं नाही.

फोन ठेवल्यावर मी पहिलं काम केलं ते संक्रांतीचा व्हिडिओ थांबवण्याचं. मग पुढचे सगळे थांबवले. कामाची सवय अशी असते, हात चालू राहतात. आदल्या दिवशीच्या व्हिडिओखाली लोक लिहीतच होते, ‘आक्कांना सांगा, संक्रांतीची वाट बघतोय.’ इतके दिवस मी माधुरी होऊन सगळ्यांना उत्तरं दिली. त्या दिवशी मला एकाही ओळीला उत्तर देता आलं नाही. मी तो डबा उघडून उरलेला एक लाडू खाल्ला.

दिवसकार्य झाल्यावर मी मल्हारगंजात गेले. दुकानाचं शटर अर्धं खाली. वर स्वयंपाकघरात माधुरी भिंतीला टेकून बसली होती. माझा हात धरून रडायला लागली. ‘नाही मिळाली हो त्यांना संक्रांत. इतकं केलं आपण, नाही मिळाली.’ सासूसाठी असं रडणारी सून मी पाहत होते, आणि तुम्हाला सांगू? मला तिच्या रडण्याचाही हेवा वाटला. कारण तिच्यापाशी रडायला केवढं सामान होतं! आक्का ओरडताना, आक्का हसताना, आक्का गूळ किसताना, तास न् तास. माझे बाबा गेले तेव्हा माझ्याकडे गणवेशातला एक फोटो होता. फौजेतून निवृत्त होऊन ते घरी आले ते लगेच इंदुरात एका बँकेच्या दारावर पहारेकरी म्हणून लागले, आणि सणाच्या दिवशी पुन्हा ड्यूटी ती ड्यूटीच. मी केबलमध्ये असताना एकदा कॅमेरा घेऊन त्यांच्यापाशी गेले होते. म्हणाले, ‘ड्यूटीवर नाही, शोभा. रजेच्या दिवशी काढ.’ असा रजेचा दिवस आम्हा दोघांना एकदम कधी मिळालाच नाही. माझं सगळं आयुष्य कॅमेऱ्यांमध्ये गेलं आणि बाबांचा आवाज माझ्याकडे नाही.

त्या दिवशी निघण्याआधी मी माधुरीला तो कापलेला तुकडा दाखवला. दाखवावा की नाही, याचा खूप विचार केला होता. तिने फोन दोन्ही हातांत धरला. ‘तेव्हा मी बडोद्याला असेन, कुमुदच्या गच्चीवर. मजेत असेन.’ आक्कांचा आवाज त्याच स्वयंपाकघरात घुमला. आतून माधुरीचा नवरा धावत आला आणि दारात थबकला. तिघांनी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला.

मी विचारलं, ‘मूळ व्हिडिओला परत जोडून देऊ? लोकांना दाखवू या, त्यांच्याच शब्दांत.’ माझ्या धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं. त्याहून चांगला निरोप कुणाचा झाला नसता.

माधुरी म्हणाली, ‘जोडून द्या. पण सोडू नका.’

‘मग काढून ठेवू?’

‘काढू पण नका ना. काढला तर मतलब, संपलं.’ तिने डोळे पुसले. मग म्हणाली, ‘तुम्ही तारीख लावता ना, तशी लावून ठेवा.’

‘कोणती?’

‘पुढच्या संक्रांतीची.’

मी लावली. काही महिन्यांनी माधुरी एकटीनेच पुन्हा उभी राहिली. आक्का गेल्याचं सांगून साठ्यातले त्यांचे बाकीचे व्हिडिओ तिने हळूहळू लोकांना दिले, लोक हळहळले, नमस्कार करून गेले. संक्रांतीचा तेवढा राहिला. पुढची संक्रांत जवळ आली तसा मला घोर लागला, कारण तारीख एकदा लावली की यंत्राला दयामाया नसते, ते सोडून देतं. आदल्या दिवशी सकाळीच माधुरीचा फोन आला.

‘शोभाताई, अजून नको हो. एक साल पुढे करा.’

तेव्हापासून दर वर्षी हेच चाललं आहे. ती फोन करते, मी वर्ष बदलते. तीही आता कारण सांगत नाही आणि मीही विचारत नाही. आता मी बाकीची सगळी कामं माझ्या हाताखालच्या मुलीकडे सोपवली आहेत, हे एक सोपवलेलं नाही. आणि संक्रांतीच्या दिवशी माधुरीचं चॅनेल बंद असतं, म्हणून मला सुट्टी असते. आक्कांनी सांगितलं होतं तशी मी आईकडे महूला जाते. तिळाच्या लाडवांचा डबा नेते.

मागच्या खेपेला मी आईला माधुरीची सगळी हकीकत सांगितली. आईला आता कमी ऐकू येतं, पण हे तिने नीट ऐकलं. मग विचारलं, ‘दर साली पुढे ढकलते?’

‘हो.’

‘बरं करते,’ आई म्हणाली. ‘पुढे गेली म्हणजे यायची आहे.’

ती लाडू खात राहिली. मी भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघत बसले. रजा पुढे गेल्याचं पत्र आलं की मी रडायचे, आणि किती श्रीमंत होते तेव्हा मी! आता त्यांची कुठलीच तारीख माझ्याकडे नाही, मागे-पुढे करायलाही नाही. माधुरीकडे आहे. दर वर्षी मी माझ्याच हाताने तिला ती पुढची देते आणि दर वर्षी तिच्यावर जळते. तिच्या घरी अजून कुणीतरी यायचं आहे.